लाल रेघेखालचं पाणी

ही गोष्ट कोणालाही पटणार नाही, हे मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून तोंडं वाकडी करायला नकोत. आमच्या घरच्या माणसांनी एका रविवारी, सकाळचा चहा आणि दुपारचा भात यांच्या मधल्या वेळात, अख्ख्या मुलखाची वीज घालवली. आणि दिवस मावळायच्या आत परतही आणली. दोन्ही कामं घरच्या घरी झाली. बाहेरचा एक हात लागला नाही.

"काका, गोष्ट नको," थोरली म्हणाली. "झालं तसं सांगा. उद्या मला मुख्य कचेरीत उभं राहून उत्तर द्यायचं आहे."

थोरली म्हणजे माझ्या भावाची, दादाची मुलगी. डोंगराच्या पोटातलं वीजघर तिच्या हाताखाली आहे. उद्यानंतरही ते तिच्याकडे राहणार की तिथे कुलूप लागून सगळा कारभार शहरातून चालणार, हे तिच्या उत्तरावर ठरायचं होतं. म्हणून पुढच्याच रविवारी तिने आम्हा सगळ्यांना त्याच टेबलाशी, त्याच खुर्च्यांवर परत बसवलं. प्रत्येकाला आपापल्या कोपऱ्यातलं ठाऊक होतं. सगळं फक्त मला.

"तुम्हाला कसं सगळं ठाऊक? तुम्ही तर तळ्यावर होतात," वहिनी म्हणाल्या.

"वहिनी, मी जिथे नसतो तिथलंच मला जास्त ठाऊक असतं."

आमचं काम बाहेरच्या माणसाला खुळेपणाचं वाटतं. डोंगरावर एक तळं, डोंगराखाली दुसरं, मधे बोगदा, बोगद्याच्या बुडाशी यंत्रं. ऊन तापलं की मुलखात वीज उतू जाते. त्या विजेवर खालचं पाणी वर चढवायचं. लोकांना वीज हवी झाली की तेच पाणी खाली सोडायचं, तीच यंत्रं उलटी फिरवायची आणि घेतलेली वीज परत करायची. दोन पिढ्या आमचं घर एकच पाणी वर नेतं आणि खाली आणतं. तळ्यातले मासेसुद्धा आता पोहत नाहीत. चढतं पाणी सुटायच्या वेळेला बोगद्यापाशी रांग लावून उभे राहतात.

"रांग?" धाकटा म्हणाला.

"मोठे पुढे, पिल्लं मागे. धक्काबुक्की नाही."

धाकटा म्हणजे थोरलीचा भाऊ. तो शहरात, कोणत्या केंद्राने केव्हा किती वीज द्यायची हे जिथून ठरतं, त्या कंट्रोल रूममध्ये बसतो. आणि टेबलाच्या टोकाला, बोलावं तेवढंच बोलणारे आमचे जावईबापू, थोरलीचे यजमान. वीजघराखालच्या माळावर पांढऱ्या पेट्यांच्या ओळी आहेत. एकेक पेटी ट्रकएवढी, आत बॅटऱ्याच बॅटऱ्या. त्या माळाचे हे राजे. बायको पाण्यात वीज साठवते, नवरा पेट्यांत. घरात भांडण कशावरून होत असेल हे वेगळं सांगायला नको.

तर त्या रविवारी धाकटा मुद्दाम जेवायला आला होता. पहिला घास पोटात जायच्या आधीच त्याने विषय काढला.

"ताई, वीजघर आता शहरातून चालवू. एक बटण तिथे दाबलं की इथे झडप उघडते. दिवसभर डोंगरात माणसं कोंडून ठेवायची गरजच नाही."

"आणि बटण दाबून झडप उघडली नाही तर?" दादाने विचारलं.

"उघडते, बाबा. तपासून झालंय."

"मी बोगदा खणला तेव्हा डोंगर पण तपासून झाला होता. तरी आठवडाभर शिंकत होता."

"डोंगर शिंकला हे भावजींचं आहे," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही कशाला उचलता? मला विचाराल तर धाकट्याचं बरोबर आहे. पोरीचा रंग बघा एकदा. अंधारात ठेवलेल्या बटाट्यासारखी झाली आहे. ऊन म्हणून तिच्या अंगाला लागत नाही. शहरात बदली घे, वेळेवर घरी ये, माणसासारखी जग."

"आई, मी माणसासारखीच जगते."

"माणसं डोंगराबाहेर जगतात."

मोर्चे ठरले होते. वहिनी आणि धाकटा एका बाजूला, दादा आणि थोरली दुसऱ्या. मी दोन्हीकडे मान हलवत होतो, कारण वाढणं वहिनींच्या हातात होतं आणि खुर्ची दादाच्या शेजारी. राहिले जावईबापू. ते भातात खळगा करून तो बुजवत होते. त्यांच्या मनात काय होतं ते सांगतो. बायको शहरात गेली तर संध्याकाळी घरात दिवा लावायला तरी भेटेल, असं एक मन म्हणत होतं. दुसरं म्हणत होतं, तिच्या हातून ते वीजघर काढलं तर जी घरी येईल ती हीच असेल का?

"असंच होतं मनात," जावईबापू हळूच म्हणाले. "काकांना कसं कळलं कोण जाणे."

"जावईबापू, तुमचं काय मत?" वहिनींनी त्या दिवशी त्यांना नेमकं तेव्हाच पकडलं. आणि ते तोंड उघडणार, तेवढ्यात डोक्यावरचा पंखा मंदावला.

वीजघरवाल्यांच्या घरात पंखा थांबतो तेव्हा 'लाइट गेले' असं कोणी म्हणत नाही. सगळे एकमेकांकडे बघतात. पाती मोजता येऊ लागली, मग थांबली. धाकट्याने मोबाइल कानाला लावला, ऐकलं, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"मोठी वाहिनी तुटली. ढग आले म्हणून उन्हाची वीज आधीच कमी होती. एकामागोमाग एक सगळी केंद्रं बंद पडली. सगळं गेलं, ताई. सगळीकडचं." मग तो फोनही गेला.

"सगळं कसं जाईल?" थोरली उठून उभी राहिली. "वाहिनी तुटली तर पेट्या धावून जातात. तेवढ्याचसाठी तर आहेत." तिने नवऱ्याकडे पाहिलं.

"पेट्या रिकाम्या आहेत," जावईबापू म्हणाले. "सकाळी होतं नव्हतं ते देऊन टाकलं. म्हटलं, तुझं तळं आहेच."

"तळं?" थोरलीचा आवाज खाली आला. "मी पण सकाळी सगळं सोडलं. तळं लाल रेघेवर आहे. म्हटलं, तुझ्या पेट्या आहेतच."

दोघं एकमेकांकडे बघत राहिली. मग दोघांच्या माना एकदम धाकट्याकडे वळल्या. धाकट्याला आपल्या ताटात काहीतरी फार महत्त्वाचं दिसलं होतं.

"बोल," वहिनी म्हणाल्या.

"मी काय केलं?"

"सकाळी फोन कोणाला केलेस?"

"ताईला सांगितलं की जिजाजींनी जास्त दिली. आणि जिजाजींना सांगितलं की ताईने जास्त दिली." तो घुटमळला. "एवढंच. दोघं ईर्ष्येने चांगली देतात. म्हटलं, दुपारी जेवताना सांगेन, बघा, शहरातून बसून दोघांना कसं पळवलं."

माझ्या आयुष्यात मी खूप थापा मारल्या, पण दोन वाक्यांत मुलूख विझवणारी थाप मला जमलेली नाही. मी त्याच्याकडे आदराने पाहिलं. दुसरं कोणी तसं पाहत नव्हतं.

"शहरात माझी बहीण हॉस्पिटलमध्ये पडून आहे, तुला ठाऊक आहे ना?" वहिनी म्हणाल्या.

"तिथे जनरेटर असतात, आई. संध्याकाळपर्यंत चालतील."

"आणि संध्याकाळनंतर?"

दादाने हात पुसले. "रेघेखालचं पाणी आहे," तो म्हणाला.

ती रेघ त्याने स्वतः रंगवली होती, तळं पहिल्यांदा रिकामं केलं तेव्हा. तिच्या खालच्या पाण्याला हात लावायचा तो मुलूख पार बंद पडला तरच. अंधारातून उठायला पहिला आधार लागतो. एका यंत्राने बाहेरच्या विजेशिवाय फिरायचं, ती वीज थोड्या अंतरावरच्या मोठ्या केंद्राला द्यायची, त्याचे पंप फिरले की त्याने पुढच्याला द्यायची, असं एकाने दुसऱ्याला उठवत जायचं. पण आमच्या यंत्रालाही झडप उघडायला चिमूटभर वीज आधी लागतेच.

"माझ्याकडे तळाचं थोडं आहे," जावईबापू म्हणाले. "बॅटरी पार खरवडली तर मरते, म्हणून ते मी कोणाला देत नाही. तुझे तेलाचे पंप फिरतील, झडप उघडेल. एकदा."

"चुकलं तर?"

"चुकलं तर पुन्हा नाही."

थोरलीने मान हलवली. सकाळपासून दोघांत जे काही पेटलेलं होतं ते तेवढ्यात विझलं. मी पाहिलं.

"ताटं राहू द्या," वहिनी म्हणाल्या. मघाशी मुलीला डोंगरातून बाहेर काढायला निघालेली हीच बाई. "थोरले, तू आत. जावईबापू, तुम्ही माळावर. आणि तू," धाकट्याला, "ताईबरोबर. ती सांगेल तेवढंच करायचं आणि तोंडाला कुलूप. अहो, तुम्ही, मी आणि भावजी वर तळ्यावर. पाणी रेघेखाली गेलं की बोगद्याच्या तोंडावर भोवरा धरतो असं तुम्हीच सांगता ना? मग बघायला कोणीतरी हवं."

"जुना तारेचा फोन चालू आहे," दादा म्हणाला. "काढून टाका म्हणून तिघांनी सांगितलं होतं. काढला नाही."

थोरली दारात थांबली. "वर जाल तर एक ऐका. बोगद्याचं तोंड उघडं असताना पाण्यावर माणूस नको. काठावरून बघायचं. हे मुलीचं बोलणं नाही, बाबा. वीजघराचा हुकूम आहे."

"कळलं, साहेब," दादा म्हणाला.

माळावर काय झालं ते आता ऐका. पेट्यांचे पंखे एरवी सारखे घुमत असतात, इतके की माळावरचे पक्षी त्याच सुरात बोलायला शिकले आहेत. त्या दुपारी तिथे चिडीचूप होतं. जावईबापू ओळीओळीने चालत गेले आणि प्रत्येक पेटीच्या दारावर हात ठेवत गेले. हे त्यांनी कोणाला सांगितलेलं नाही. शेवटच्या पेटीपाशी थांबून त्यांनी तळाचा सगळा साठा एका तारेवर आणला. खटक्यावर हात ठेवला आणि त्यांना आठवलं की लग्नानंतर पहिल्यांदाच आपण बायकोला काही देतोय आणि ते कमी पडलं तर दुकानातून आणता येणार नाही. वर वीजघराच्या दारावर सेलचा लाल दिवा लागला, म्हणजे ती तयार होती. त्यांनी खटका दाबला.

"हात ठेवला होता दारांवर," ते म्हणाले. "पण पक्ष्यांचं काही मी ऐकलेलं नाही."

डोंगराच्या आत विजेरीच्या उजेडात थोरली पॅनलसमोर उभी होती. धाकटा तारेचा फोन कानाला लावून तिच्या मागे. आपल्या शहरातल्या बटणाचं एक भावंड त्याला त्या पॅनलवर दिसलं, त्याच्यावर धूळ होती आणि त्याला वीज नव्हती. तेलाचे पंप कण्हले. झडप कुरकुरली आणि तिच्या मागच्या पाण्याने पहिली फट सापडताच असा हंबरडा फोडला की धाकट्याने फोन छातीशी धरला. यंत्र हललं, फिरलं, वेग धरू लागलं.

"पन्नास हर्ट्झला आलं, वेग पुरा झाला," थोरली म्हणाली. "आता वाहिनी."

ती मेलेल्या वाहिनीत वीज सोडत होती, थोडी थोडी, बेशुद्ध माणसाच्या ओठांना पाणी लावावं तशी. तारेच्या फोनवर पलीकडून मोठ्या केंद्राच्या माणसाचा आवाज आला: एक पंप फिरला. मग दुसरा. दर नव्या पंपाबरोबर आमच्या यंत्राला धक्का बसायचा आणि दर धक्क्याला माळावरून जावईबापू पेट्यांच्या तळातला उरलेला थेंब लावून तो अंगावर घ्यायचे. दोघांत एक शब्द नाही. पंचवीस वर्षांच्या संसारात त्यांचं इतकं कधी जमलेलं नव्हतं.

मग यंत्र थरथरू लागलं. आधी जमीन, मग पॅनलच्या काचा, मग धाकट्याचे दात. थोरलीने त्याच्या हातातला फोन ओढून घेतला. हे पुढचं सगळं धाकट्याने फोनला कान लावून ऐकलं आहे, माझं त्यात काही नाही.

"बाबा, हवा येते आहे. भोवरा धरलाय?"

"धरलाय."

"केवढा?"

"ट्रकचं चाक आत जाईल एवढा."

"मग मला बंद करायला हवं. यंत्र फुटेल."

"मोठं केंद्र उठलं का?"

"उठतंय. थोडा वेळ हवाय."

"आता बंद केलंस तर पुन्हा सुरू करायला जावईबापूंकडे काही नाही. बंद करू नकोस."

"मग पालापाचोळ्याचा तराफा भोवऱ्यावर आणा. वरून काही पडलं तरच तो मोडेल."

"येतोय तराफा."

थोरलीचा हात झडप मिटायच्या चाकावर होता. "बाबा, पाण्यावर कोणी नाही ना? माणूस असेल तर मी याच क्षणी मिटते. मग मुलूख अंधारात राहिला तरी चालेल."

तारेत खरखर झाली.

"कोणी नाही," दादा म्हणाला. "तू यंत्र सांभाळ."

ती चाकावर हात ठेवून उभी राहिली. मिटलं नाही, सोडलंही नाही. काचा वाजत होत्या. मग त्या थोड्या कमी वाजू लागल्या. मग थांबल्या. पाण्याचा आवाज भरीव झाला.

"मोडला," फोनवर दादा म्हणाला. त्याचा आवाज चिरकला होता.

"कसा मोडला?"

"मोडला म्हणजे मोडला. पुढचं बघ."

पुढचं म्हणजे मोठं केंद्र उठलं. त्याने तिसऱ्याला हात दिला, तिसऱ्याने चौथ्याला. लाल रेघेखाली तळ्यात गुडघाभर पाणी उरलं असताना थोरलीने झडप मिटली. बाहेर आली तेव्हा उन्हं कलली होती आणि खालच्या गावात दिवे लागत होते. वहिनींच्या बहिणीला तर वीज गेली होती हेसुद्धा तिसऱ्या दिवशी कळलं. आणि मासे? वरच्या तळ्यातले मासे बिचारे रिकाम्या—

"मासे राहू द्या, काका," थोरली म्हणाली.

मी थांबलो. टेबलावर सगळ्यांची ताटं निम्मी होती. धाकटा बोलला, आणि तो वहिनींकडे न बघता बोलला, हे मला नवीन होतं.

"ताई, उद्या मी पण येतोय. सकाळचे फोन मी केले हे मीच सांगणार. आणि वीजघर शहरातून चालवायचा तो कागद मीच पुढे केला होता, तो मीच मागे घेणार. त्या पॅनलसमोर माणूस उभं नसतं तर आपण अजून मेणबत्त्या लावून बसलो असतो."

"तुझी नोकरी जाईल," वहिनी म्हणाल्या.

"गेली तर जाईल."

वहिनींनी त्याच्या ताटात भात वाढला, न विचारता. त्यांच्याकडून माफी अशीच मिळते.

"मी पेट्यांचं सांगेन," जावईबापू म्हणाले. "इथून पुढे सकाळी एकमेकांना विचारल्याशिवाय दोघांपैकी कोणीही रिकामं व्हायचं नाही. हे आम्ही ठरवलं आहे. मधे तिसरा नको." एवढं लांब बोलल्यावर ते पाणी प्यायले.

"मला वीजघर हवंय," थोरली म्हणाली. तिने हे अगदी साधेपणाने म्हटलं. "आई, उन्हात बसायला मी सुटीच्या दिवशी येत जाईन. पण त्या पॅनलसमोरून मी हलणार नाही. उद्या ते मला दोनच प्रश्न विचारणार आहेत. यंत्र थरथरत असताना मी ते चालू का ठेवलं आणि भोवरा कसा मोडला. पहिल्याचं उत्तर माझ्याकडे आहे. दुसऱ्याचं नाही. बाबा आठवडाभर विषय बदलताहेत. तुम्ही तिथे होतात, काका. सांगा."

दादाने मिठाची वाटी उचलली, आत पाहिलं, आणि ठेवून दिली. वहिनी उठून पाणी आणायला निघाल्या. तांब्या भरलेला होता.

"अगं, त्यात काय सांगायचं?" मी म्हटलं. "तळ्यावरचा पालापाचोळा काढायला जाड लाकडांचा तराफा असतो, तो तुला ठाऊकच आहे. पलीकडच्या काठाला बांधलेला होता. दादा खोलीत फोनवर. भोवरा असा फिरत होता की त्याच्याकडे बघून माझं घड्याळ उलटं चालायला लागलं."

"पुढे."

"वहिनी म्हणाल्या, भावजी, तराफा आणायला हवा. मी म्हटलं, वहिनी, तुम्ही इथे काठावर उभ्या राहा, अगदी इथे, हलू नका. आणि त्या हलल्या नाहीत. मी धावत विंचच्या, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्राच्या, खोलीत गेलो."

"धावत?"

"भरभर चालत. विंचचं बटण दाबलं. विंच घुरघुरली, दोर ताणला, आणि तराफा कसा शहाण्यासारखा निघाला. वारा समोरून, तरी वाकडातिकडा झाला नाही. भोवऱ्यापाशी आला, क्षणभर थांबला, आणि बसला त्याच्या डोक्यावर. भोवऱ्याने एक ढेकर दिला आणि गप्प झाला. झालं. कोणी भिजलंसुद्धा नाही. उद्या हेच सांग. विंचने आणला."

मला वाटलं, छान झालं. एका मापाचं, जास्त फुगवलेलं नाही, मासे नाहीत, काही नाही. आयुष्यात इतकी साधी गोष्ट मी क्वचित सांगितली असेल. मी भाताकडे वळलो.

थोरलीने चमचा ताटाच्या कडेला ठेवला. ती माझ्याकडे बघतच नव्हती. स्वयंपाकघराच्या दाराशी तांब्या धरून उभ्या असलेल्या बाईकडे बघत होती.

"खोटं," ती म्हणाली. "मुलूख अंधारात होता, काका. माझी सगळी वीज मोठ्या केंद्राकडे जात होती. तळ्याकडे जाणाऱ्या विजेचा खटका मी स्वतः संध्याकाळी लावला. विंचला वीज नव्हती. तराफा कोणीतरी उभं राहून, बांबू रोवत, वाऱ्याच्या तोंडावर नेला. बाबांचे गुडघे चालत नाहीत आणि तुम्ही घोटाभर पाण्यातही उतरत नाही." ती उठली. "आई, उद्या मी त्यांना हेच सांगणार आहे. तराफ्यावर तू होतीस, आणि खाली मी झडप उघडी धरून उभी होते."